दास म्हणे : कवी नारायण वामन टिळक आणि पाळकाची पदवी



आपल्या सातारा व सांगली भागातील मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार निघत असतो. पाळकाला कोणत्या नावाने संबोधावे? कोणी पाळकसाहेब म्हणतो, कोणी पाद्रीबाबा म्हणतो, कोणी पत्र लिहिताना रेव्हरंड ही पदवी न विसरता घालतो. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर एखाद्याची पदवी अनवधानाने राहून गेली, म्हणजे त्यावरून रुसवा होतो, आणि तो रुसवा मनात धरूनच माणसे प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येतात. उलटपक्षी काही बंधू मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय पुढे करून असे प्रतिपादन करतात की, प्रभूने कोणासही गुरू वा पिता म्हणवून घेण्याची मनाई केली आहे, तेव्हा पाळकाला कोणतीही पदवी लावणे हे पापच होय. दोन्ही पक्षांचे म्हणणे मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. केवळ वादाने ह्या प्रश्नाचा उलगडा होईल असे मला वाटत नाही. म्हणून ज्या थोर पुरुषाचे नाव आजही मराठी पुस्तकांत रेव्हरंड ह्या उपपदासह छापले जाते, आणि ज्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या साताऱ्याशी निगडित आहेत, त्या नारायण वामन टिळकांचे चरित्र ह्या दृष्टीने थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. ज्या समाजात ते जन्मले, त्यात मान हा जन्माबरोबरच पदरात पडत असे. तो मिळवावा लागत नसे, मागावा लागत नसे. मुलगा पाळण्यात असतानाच गावातील शेतकरी व बलुतेदार त्याच्या घराण्यापुढे हात जोडून उभे राहत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि नारायणाने घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ आणि कवित्व अंगचेच, त्यामुळे ते जेथे जात तेथे त्यांची वाहवा होई. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील कन्या त्यांना पत्नी म्हणून लाभली. त्याच पुढे स्मृतिचित्रे लिहून मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. परंतु टिळकांचा स्वभाव एका जागी स्थिरावणारा नव्हता. शिक्षकाची नोकरी धरावी, सोडावी, गावोगाव हिंडावे, व्याख्याने द्यावी, कविता कराव्या, असा त्यांचा क्रम चालला. नागपुरास श्रीमंत बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. पंडित, वक्ते आणि कवी अशी त्यांची ख्याती झाली, पण मनाची भूक काही भागेना. देशाचे कल्याण कोणत्या धर्माने होईल, माणसामाणसांतील उच्चनीच भाव कशाने जाईल, हा विचार त्यांना रात्रंदिवस अस्वस्थ करीत असे.

1893 साली ते नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने चालले असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांशी आदराने व गोडीने संभाषण केले, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना त्या भाकिताचे हसू आले असावे, परंतु पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच अडकले. जे आत्म्याने दीन, जे सौम्य, जे शांती करणारे, ते धन्य, असे सांगणारा गुरू त्यांना आजवर कोठे भेटला नव्हता. ज्या मनुष्याला आजन्म मान मिळाला होता, त्याचे हृदय दीनांच्या गौरवाने जिंकले गेले, हे प्रभूचे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

त्यानंतर अंतःकरणात मोठा झगडा झाला. पत्नी दुरावणार, लहान मुलगा दुरावणार, आप्त तोंड फिरविणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तरी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जन्माने लाभलेला सर्व मान त्या एका दिवसात गळून पडला. ज्यांनी त्यांना पंडित म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांनीच त्यांना बाटगा म्हटले. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ माहेरच्या नातलगांत राहिल्या. त्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील ह्याची कल्पना त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्यास येते. पुढे त्या पतीकडे अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास, आल्या. आरंभी त्यांचे सोवळेओवळे निराळे होते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांचे मन पालटले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरास टिळक ख्रिस्ती उपदेशक तयार करणाऱ्या शाळेत शिकवीत, मंडळ्यांतून उपदेश करीत आणि लेखन करीत. 1904 साली त्यांना पाळकपणाची दीक्षा देण्यात आली. त्या दिवसापासून ते रेव्हरंड नारायण वामन टिळक झाले. 1912 पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. त्यांचे घर म्हणजे अनाथांचे, विद्यार्थ्यांचे आणि कवींचे माहेरच होते. बालकवी ठोंबरे ह्यांच्यासारखा हळवा तरुण त्या घरात मुलाप्रमाणे राहिला. ज्याला कोणी नाही त्याला टिळकांकडे जागा होती.

आता ह्या रेव्हरंड शब्दाचा थोडा विचार करू. हा शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून अर्थ आदरणीय असा आहे. पाद्री हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याचा अर्थ पिता. साहेब हा शब्द अरबीतून आला. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ सोबती असा होता, पुढे तो धनी ह्या अर्थी रूढ झाला. पहा, शब्दांची काय गंमत आहे! जो सोबती होता तो धनी होऊन बसला. शब्दाचे असे होते, तसेच तो शब्द धारण करणाऱ्या मनुष्याचेही होण्याचा संभव असतो. याउलट नव्या करारात सेवकांना जी नावे दिली आहेत, ती पाळक, वडील, सेवक अशी आहेत. ती सर्व कामाची नावे आहेत. पाळक म्हणजे मेंढरे राखणारा. आपल्या माण व खटाव तालुक्यांतील मेंढपाळ उन्हातान्हात कळपामागे चालतो, रात्री काठी घेऊन जागा राहतो. त्याला ते नाव कोणी बहुमान म्हणून दिलेले नाही.

टिळकांनी रेव्हरंड ही पदवी घेतली. ती घेण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मंडळीने दिलेली जबाबदारी त्यांनी नम्रपणे पत्करली. पण ते स्वतःला काय म्हणवीत असत? ह्याचे उत्तर त्यांच्या अभंगांत आहे. आपल्या महाराष्ट्रात संतकवींची अशी रीत आहे की, अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगात तुका येतो, नामदेवांच्या अभंगात नामा येतो. टिळकांची तुकोबांवर अपार प्रीती होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्याच परंपरेला अनुसरून त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले. अभंगांजली म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या अभंगांच्या शेवटी रेव्हरंड नाही, पंडित नाही, कवी नाही, टिळक हे आडनावही नाही. तेथे दास म्हणे एवढीच मुद्रा आहे.

वाचकहो, हा दास शब्द त्यांनी कोठून घेतला? आपल्या मराठी पवित्र शास्त्रात रोमकरांस पत्र उघडून पहा. पौल आपली ओळख करून देताना पहिल्याच ओळीत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो, आणि प्रेषित हे पद त्याच्या मागून येते. याकोब आणि यहूदा हेही आपल्या पत्रांच्या आरंभी दास हेच नाव घेतात. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर असे सांगितले आहे की, स्वतः प्रभूनेच दासाचे रूप धारण केले. म्हणजे ही पदवी आधी धन्याने घेतली, मग चाकरांना दिली. तिच्याहून मोठी पदवी कोणती?

मग गुरू आणि माउली ही मोठी नावे टिळकांनी कोणासाठी राखली? ती त्यांनी ख्रिस्तासाठी राखली. वारकरी ज्या जिव्हाळ्याने ज्ञानोबांना माउली म्हणतात, त्याच जिव्हाळ्याने टिळकांनी येशूला गुरुमाउली म्हटले. तेविसाव्या अध्यायातील आज्ञा पाळण्याची ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. माणसांच्या नावांतून पदव्या उपटून काढण्यात त्यांनी शक्ती घालविली नाही. सर्वांत गोड आणि सर्वांत थोर शब्द त्यांनी प्रभूच्या चरणी वाहून टाकले. तिजोरीतील सोने असे एकदा योग्य जागी गेले, म्हणजे उरलेल्या चिल्लरीसाठी भांडण्याची वासना राहत नाही. आपण उपासनेत जी गीते गातो, त्यांत टिळकांची गीते शंभराहून अधिक आहेत. ती गाताना आपण पुष्कळदा गाणाऱ्याला विसरतो आणि ज्याच्याविषयी गायिले आहे त्यालाच आठवतो. दासाला ह्याहून अधिक काय पाहिजे?

आता साताऱ्याकडे वळू. वय पंचावन्नाच्या पुढे गेले, कीर्ती सर्व महाराष्ट्रात पसरली, मिशनमध्ये मान होता, उपजीविकेची चिंता नव्हती. अशा वेळी 1917 साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि संन्यासवृत्ती स्वीकारली. त्यांना असे दिसून आले होते की, आपले हिंदू बांधव ख्रिस्ताला नाकारीत नाहीत; ख्रिस्ताभोवती जे परकेपण उभे राहिले आहे, त्याला ते नाकारतात. मिशनचा पगारी मनुष्य म्हणून जो बोलतो, त्याचे बोलणे लोक चाकरीचा भाग समजून सोडून देतात. म्हणून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ आरंभिला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे आणि ज्यांचा झालेला नाही, अशा ख्रिस्ताच्या सर्व अनुयायांना तेथे एकत्र बसता यावे, असा त्यांचा हेतू होता. पुष्कळ ख्रिस्ती पुढाऱ्यांना ही योजना पटली नाही. मंडळीची शिस्त ढिली होईल अशी भीती त्यांना वाटली, आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाईंना तर हा संन्यास सोसणे फारच कठीण गेले. त्या योजनेच्या गुणदोषांचा निवाडा येथे करावयाचा नाही. येथे एवढेच पाहावयाचे की, दरबार हा शब्द राजाचा आहे, आणि त्या दरबारात राजा एकच होता. टिळकांनी पन्नाशी उलटल्यावर, जेव्हा माणसे आपल्या नावामागे आणखी काही जोडण्याची खटपट करतात, तेव्हा हाती असलेले सोडून दिले.

साताऱ्याहून जवळच सज्जनगड आहे, हे आपण सर्व जाणता. सतराव्या शतकात तेथे राहिलेल्या साधूला महाराष्ट्र समर्थ म्हणतो. त्यांचे जन्मनाव नारायण होते, आणि त्यांनी स्वतः घेतलेले नाव रामदास. आपल्या मोठ्या ग्रंथालाही त्यांनी दासबोध असेच नाव दिले. लोकांनी समर्थ म्हटले, त्यांनी स्वतःला दास म्हटले. त्यांचा उपास्य देव निराळा, त्यांचा मार्ग निराळा, तो वाद येथे नाही. पण ह्याच साताऱ्याच्या परिसरात दुसरा नारायण आला, आणि तोही दास म्हणवून घेत राहिला. ह्या भूमीतील लोकांना खऱ्या साधूची ही खूण फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या गावातील हिंदू शेजारी आपल्या पाळकाकडे पाहतात, तेव्हा ते ह्याच मापाने त्याला मोजतात, हे आपण विसरू नये.

देवाच्या दरबाराला फार दिवस लाभले नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबई येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले. ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. एका प्रसिद्ध पदात ते प्रभूला अशी कबुली देतात की, आपल्या ठायी अजून पुष्कळ उणीव आहे. आयुष्यभर कीर्ती मिळविलेल्या मनुष्याच्या हिशेबाच्या वहीत शेवटची नोंद शिलकेची नसून उण्याची होती. विन्स्लो नावाच्या इंग्रज पाळकाने 1923 साली त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, त्यात त्यांना महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी म्हटले. लोकांनी त्यांना फुलामुलांचा कवी म्हटले. त्याच आडनावाच्या दुसऱ्या थोर पुरुषाला लोकांनी लोकमान्य म्हटले. ह्या सर्व पदव्या न मागता आल्या, आणि म्हणूनच त्या टिकल्या.

येथवर वाचून एखादा बंधू म्हणेल की, मग पाळकाला साहेब म्हणणे आजपासून बंद. थांबा. आरंभी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली होती. टिळकांपाशी सोडण्यासारखा मान होता. आपल्या वाडवडिलांपाशी तो कोठे होता? आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत. त्यांना अरे आणि कारे ह्याशिवाय दुसरे संबोधन नव्हते. वाटेत वरच्या जातीचा मनुष्य भेटला तर बाजूला होऊन जोहार मायबाप म्हणावे लागे. पांढरे केस झालेल्या म्हाताऱ्याला पाटलाचे पोर एकेरी हाक मारीत असे. अशा वस्तीतील एखादा मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, उपदेशक झाला, पुढे त्याला दीक्षा मिळाली, आणि ज्या चावडीच्या पायरीवर त्याच्या आज्याला पाय ठेवता येत नव्हता त्याच चावडीवर लोक त्याला अहो पाळकसाहेब म्हणू लागले, तेव्हा त्या एका शब्दाने सगळ्या वस्तीची मान वर झाली. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना रडत असत. अशा लोकांच्या मुखातून तो शब्द काढून घेणे ही नम्रता नव्हे. जो मान कधी मिळालाच नाही, तो सोडा असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

पवित्र शास्त्रही एकाच बाजूने बोलत नाही. ईयोबाच्या पुस्तकात अलीहू म्हणतो की, मनुष्यास खुशामतीची नावे देणे आपणास ठाऊक नाही. परंतु तीमथ्यास पहिल्या पत्रात पौल सांगतो की, जे वडील आपले काम चांगले चालवितात त्यांना दुप्पट सन्मानास योग्य गणावे. करिंथकरांस लिहिताना तो स्वतःला शुभवर्तमानाद्वारे त्यांचा पिता म्हणतो. पेत्र मात्र वडिलांना लिहिताना आपण त्यांच्यातलाच एक वडील आहो असे म्हणतो आणि मुख्य मेंढपाळाकडे बोट दाखवितो. ह्या सर्व वचनांचा मेळ रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. तेथे पौल शिकवितो की, आदर करण्यात प्रत्येकाने दुसऱ्याला आपणापेक्षा थोर मानावे. म्हणजे मान ही देण्याची वस्तू आहे, मागण्याची नव्हे. मंडळीने ती उदारपणे द्यावी. पाळकाने ती हक्काने वसूल करू नये.

सांगलीकडील आपल्या वाचकांना एक जवळचे उदाहरण देतो. डॉक्टर विल्यम वॉनलेस 1889 साली वैद्यकीय मिशनरी म्हणून ह्या भागात आले, आणि 1894 साली मिरजेचे मिशन रुग्णालय उभे राहिले. 1928 साली त्यांना ब्रिटिश सरकारने सर हा किताब दिला. त्या वेळी त्यांच्या सेवेला जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती. म्हणजे काम आधी झाले, किताब मागून आला. तो आला नसता तरी ज्यांचे डोळे उघडले, ज्यांच्या जखमा भरल्या, त्यांच्या स्मरणात डॉक्टरांची जागा काही कमी झाली नसती. आपल्याकडे पुष्कळदा ह्याच्या उलट घडते. किताब आधी छापला जातो आणि काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

हे लिहिणारा स्वतः निर्दोष आहे असे कोणी समजू नये. मला दीक्षा मिळाल्यावर पहिल्याच वर्षी एका लहान गावात उपासनेनंतर एक वृद्ध बहीण माझ्यापाशी आली आणि लेकरा, असे म्हणून तिने माझ्या तोंडावरून हात फिरविला. भोवती बाहेरगावचे पाहुणे होते. मला ते खटकले. मी बोललो काही नाही, पण माझा चेहरा बोलला, आणि तो पाहून तेथील उपदेशकाने तिला दटावले की साहेबांशी असे बोलू नये. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी ती आली ती दाराशी बसली, आणि उपासना संपताच मान खाली घालून, दुरून, साहेब नमस्कार, असे म्हणून निघून गेली. त्या क्षणी मला आजोबांचा जोहार आठवला. ज्या पायरीवरून आमची माणसे उठून आत आली होती, त्याच पायरीवर मी एका म्हातारीला पुन्हा बसविले होते. त्या रात्री उपासनेचे पुस्तक उघडले तो टिळकांचे गीत समोर आले, आणि माझ्या नावामागची पदवी मला जड वाटू लागली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या झोपडीत गेलो, क्षमा मागितली, तिच्या हातची भाकरी खाल्ली. ती पुन्हा मला लेकरा म्हणाली. त्यानंतर मला पुष्कळांनी पुष्कळ मोठी नावे दिली, पण तितके मोठे नाव कोणी दिले नाही.

तेव्हा आपण काय करावे? मंडळीच्या बंधुभगिनींनो, तुम्ही आपल्या पाळकाला, उपदेशकाला आणि बायबलबाईला जे आदराचे नाव देत आला आहा ते आनंदाने देत राहा, परंतु तोच आदर वस्तीतील सर्वांत गरीब विधवेला आणि नुकत्याच आलेल्या शेतमजुरालाही द्या. त्यांनाही अहो म्हणा. केवळ पाळकाला साहेब आणि बाकीच्यांना अरे, असे ज्या मंडळीत चालते, तेथे जुने गावकूस आत येऊन बसले आहे असे समजावे. सोबतीच्या सेवकबंधूंनो, कोणी आपली पदवी विसरला तर त्याची चूक मोजू नका. आपण त्याचे नाव विसरलो नाही ना, एवढे पाहा. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असे योहानाच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे. मेंढरांनी मेंढपाळाची पदवी पाठ करावी असे कोठेही लिहिलेले नाही. आणि लिहिताना, बोलताना, प्रार्थना करताना सर्वांत थोर शब्द प्रभूसाठी राखून ठेवा.

टिळकांच्या नावामागे आपण रेव्हरंड लिहितो, आणि लिहीत राहू. त्यात त्यांचा अपमान नाही. परंतु प्रभूच्या दरबारात जेव्हा नावे पुकारली जातील, तेव्हा तेथे छापील निमंत्रणपत्रिका नसेल. तेथे विश्वासू दास एवढीच हाक ऐकू येईल. ती हाक आपणा सर्वांस, पाळकास आणि मेंढरास, ऐकावयास मिळो, हीच प्रभूजवळ प्रार्थना. आमेन.